धनुष्याने हरणाची शिकार: बाण कोठे लागावा आणि ब्रॉडहेड कोणते निवडावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही माहिती कोणत्या हरणाविषयी आणि कोणत्या देशाविषयी आहे?

येथील सर्व विवेचन अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाविषयी, म्हणजे व्हाइटटेलविषयी आहे. ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाला लावायचे धारदार पात्यांचे टोक. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर यांपैकी कोणत्याही हरणाची शिकार हा गुन्हा आहे, मग हातात बंदूक असो वा धनुष्य. ब्रिटनमध्येही वन्यप्राण्यांवर धनुष्य चालवण्यास १९८१ च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क, मिशिगन अशा राज्यांत रीतसर परवाना काढून, मोसमात आणि नियमांत राहून शिकार करणाऱ्या मराठी मंडळींसाठीच हे लिहिले आहे.

बाणाने हरीण नेमके कशाने मरते?

बंदुकीची सवय असलेल्या माणसाचा पहिला गैरसमज येथेच होतो. थर्टी-ऑट-सिक्स रायफलची गोळी नळीतून सुटताना अडीच हजारांहून अधिक फूट-पौंड (हे ऊर्जेचे एकक) ऊर्जा घेऊन निघते; चांगल्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या आधुनिक धनुष्याच्या बाणाची ऊर्जा साठ-सत्तर फूट-पौंडांच्या आसपास असते. एवढ्या ऊर्जेचा धक्का बसून हरीण कोसळत नाही. बाण फक्त कापतो, आणि त्या कापण्यातून दोन गोष्टी घडतात: रक्तवाहिन्या तुटून वेगाने रक्तस्राव होतो आणि छातीच्या पोकळीत बाहेरची हवा शिरून फुप्फुसे मिटतात. अंगातील रक्ताचा साधारण एक तृतीयांश भाग गेला की हरीण उभे राहू शकत नाही. दोन्ही फुप्फुसे आरपार कापली गेली, तर ते बहुधा दहा-पंधरा सेकंदांत, शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत पडते. एकच फुप्फुस कापले गेले, तर दुसऱ्याच्या बळावर ते तासन्तास चालत राहते, आणि कधी कधी जगतेही. म्हणून धनुर्धाऱ्याने ‘हरणाला बाण लागला का’ यापेक्षा ‘दोन्ही फुप्फुसांतून गेला का’ हे विचारावे.

मग नेम नेमका कोठे धरावा?

हरीण पूर्ण आडवे उभे असेल तर त्याच्या पुढच्या पायाची मागची कड डोळ्यांनी सरळ वर न्यावी आणि छातीच्या खालच्या रेषेपासून अंगाच्या उंचीच्या एक तृतीयांशावर थांबावे. तेथे एखादी केसांची बट किंवा सावलीची कड हेरून नेम तिच्यावरच धरावा. संपूर्ण हरणाकडे पाहून सोडलेला बाण संपूर्ण हरणात कोठेही जातो.

हीच जागा का, हे समजण्यासाठी हाडांची मांडणी डोळ्यांसमोर असावी लागते. खांद्याचा फरा वरून खाली येताना पुढे झुकतो, आणि तेथून दंडाचे हाड मागे वळून कोपरापर्यंत येते. त्यामुळे पुढे टोक असलेला एक कोन तयार होतो. या कोनाच्या मागच्या उघड्या बाजूला फुप्फुसांचा पुढचा, सर्वांत जाड भाग आणि त्याखाली हृदयाचा वरचा भाग येतो, जेथून मोठ्या धमन्या निघतात. आपल्या बाजूचा पुढचा पाय हरणाने एक पाऊल पुढे टाकला की दंडाचे हाडही पुढे सरकते आणि ही जागा आणखी मोकळी होते. त्या एका पावलाची वाट पाहणे मला बाजारातील कोणत्याही महागड्या सामानापेक्षा जास्त उपयोगी पडले आहे.

मागे मात्र फार वाव नसतो. श्वासपटल घुमटासारखे पुढे फुगलेले असते आणि त्याला लागूनच यकृत असते. नेमाच्या जागेपासून वीतभर मागे सरकले की यकृत, आणि त्याहून मागे गेले की कोठा. (मुद्दाम ‘यकृत’ म्हणतो, कारण आपल्याकडे कवितेतले काळीज म्हणजे हृदय आणि खाटकाकडचे काळीज म्हणजे यकृत. शिकारीच्या गप्पांत ‘बाण काळजात लागला’ असे कोणी म्हणाले, तर माग काढायला निघण्यापूर्वी कोणते काळीज ते विचारून घ्यावे.)

सरळ हृदयावरच नेम का धरू नये?

हृदय मुठीएवढे असते आणि छातीत अगदी तळाशी असते. तेथे नेम धरून बाण तीन बोटे खाली गेला, तर तो छातीखालचे केस कापून जातो किंवा पायात घुसतो. हृदयाच्या माथ्यावर नेम धरला तर खालची चूक हृदयात आणि वरची चूक फुप्फुसांत जाते. दोन्ही चुका चालणाऱ्या आहेत.

बाण उंच लागला, आरपार गेला, तरी हरीण मिळाले नाही. फुप्फुस आणि कणा यांमध्ये ‘रिकामी जागा’ असते का?

नसते. ही समजूत मचाणावर बसणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण फुप्फुसे कण्याला अगदी खालून भिडलेली असतात. खरी गोष्ट अशी की खांद्याजवळ कणा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच खाली असतो. पाठीची जी रेषा दिसते ती मणक्यांच्या उंच काट्यांवरची आणि स्नायूंवरची असते. उंच गेलेला बाण कण्याच्या वरून, केवळ मांसातून पार होतो. भरपूर रक्त दिसते, नंतर माग विरतो, आणि ते हरीण बरेचदा बरे होऊन पुन्हा कॅमेऱ्यात दिसते.

कोणत्या कोनातून बाण सोडावा आणि कोणत्या कोनातून मुळीच सोडू नये?

पूर्ण आडवे हरीण चांगले, आणि किंचित पाठमोरे, म्हणजे डोके आपल्यापासून दूर वळवून तिरपे उभे असलेले हरीण त्याहूनही चांगले. तिरप्या पाठमोऱ्या हरणावर नेम धरताना पलीकडच्या पुढच्या पायाचा विचार करावा आणि बाण तेथून बाहेर पडेल अशी आत जाण्याची जागा शोधावी. ती जागा नेहमीपेक्षा मागे, शेवटच्या काही बरगड्यांपाशी येते. बाण यकृताच्या कडेने जाऊन दोन्ही फुप्फुसे कापतो आणि वाटेत जाड हाड येत नाही. कोन फारच तिरपा झाला, तर मात्र बाणाला कोठ्यातून वाट काढावी लागते, आणि तेव्हा थांबावे.

आपल्याकडे तिरपे तोंड करून येणाऱ्या हरणावर खांद्याचे सांधे आड येतात आणि बहुधा एकच फुप्फुस हाती लागते. समोरून छातीत बाण घालणारे अनुभवी लोक आहेत, पण ती खिडकी फार अरुंद आहे. नवख्याने ती नसल्यातच जमा धरावी. मागून सोडलेल्या बाणाविषयी आणि मानेवर किंवा डोक्यावर धरलेल्या नेमाविषयी चर्चा करण्यासारखे काही नाही: ते मुळीच करू नये.

मचाणावरून नेम धरताना काय बदलते?

अंतर फारसे बदलत नाही, कोन बदलतो. बाण जमिनीपासून वीस फुटांवरून सुटत आहे आणि हरणाची छाती जमिनीपासून अडीच फुटांवर आहे असे धरू. हरीण झाडाच्या बुंध्यापासून वीस यार्डांवर असेल तर बाण सुमारे १६ अंशांनी खाली उतरतो, आणि ते पाच यार्डांवर आले तर जवळजवळ ४९ अंशांनी. पहिल्या प्रसंगी सरळ रेषेतील अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा एका यार्डानेही अधिक भरत नाही. त्यामुळे अंतराच्या दुरुस्तीची जी काळजी केली जाते ती या टप्प्यात अनाठायी आहे. दुसऱ्या प्रसंगी मात्र बाण वरच्या बरगड्यांतून शिरून एकाच फुप्फुसातून खाली निघून जाण्याची शक्यता मोठी असते. जवळ आलेले हरीण हे सोपे सावज, हा भ्रम आहे. ते दहा-पंधरा यार्ड दूर जाईपर्यंत थांबावे.

उंचावरून नेम धरताना बाण कोठे शिरेल यापेक्षा कोठून बाहेर पडेल हे ठरवावे, आणि हात खाली न घेता कमरेतून वाकावे. हात खाली घेतले की खेच (दोरी मागे ओढण्याची लांबी) आणि नेमाची रेषा दोन्ही बिघडतात. मचाणावर असेपर्यंत सुरक्षेचा पट्टा सोडू नये, हे ओघाने आलेच.

दोरीच्या आवाजाने हरीण खाली बसते, हे खरे आहे का?

खरे आहे. सेकंदाला २८० फूट वेगाचा बाण वीस यार्डांसाठी सुमारे ०.२१ सेकंद घेतो. दोरीचा आवाज तेच अंतर ०.०५ सेकंदात कापतो. बाण एक चतुर्थांश वाटेवर असतानाच हरणाला आवाज पोहोचलेला असतो. ते बाण चुकवत नसते. पळण्यासाठी उडी घ्यायची म्हणून आधी पाय दुमडते, आणि त्या दुमडण्यात त्याची छाती खाली जाते. तीस यार्डांसाठी बाणाला ०.३२ सेकंद लागतात, चाळीससाठी ०.४३, म्हणजे हरणाला आणखी वेळ मिळतो. म्हणूनच खालच्या तृतीयांशात नेम धरायचा: हरीण स्थिर राहिले तर हृदयाचा माथा, बसले तर फुप्फुसे.

चालत्या हरणाला थांबवण्यासाठी तोंडाने ‘मॅ’ असा आवाज काढण्याची पद्धत आहे. हरीण थांबते, पण कान टवकारून, अंग ताठ करून थांबते. शांतपणे चरणाऱ्या हरणावर हा उपाय करू नये. कान आणि मान आपल्याकडे रोखलेल्या हरणावर वीस यार्डांपलीकडून मी बाण सोडत नाही.

जास्तीत जास्त किती अंतरावरून बाण सोडावा?

आठ इंच व्यासाची, पोह्यांच्या ताटलीएवढी जागा डोळ्यांसमोर आणावी. ज्या अंतरावरून आपला पहिलाच बाण, हात गरम झालेला नसताना, थंडीचे कपडे घालून आणि ब्रॉडहेड लावून या ताटलीत न चुकता जातो, ते आपले अंतर. बऱ्याच जणांच्या बाबतीत ते पंचवीस-तीस यार्डांवर संपते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

फिक्स्ड ब्रॉडहेड घ्यावे की मेकॅनिकल?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक भांडणांचा प्रश्न हाच. फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती कायम उघडी असतात. त्यात हलणारा भाग नसल्यामुळे बिघडण्यासारखे काही नसते, आणि त्वचेला टेकताक्षणी कापू लागणाऱ्या प्रकारात ऊर्जा सर्वांत कमी खर्च होते. उणीव अशी की उघडी पाती हवेत पिसांसारखे वागतात. धनुष्य नीट जुळवलेले नसेल तर बाण भरकटतो, आणि दोष ब्रॉडहेडला दिला जातो.

मेकॅनिकलची पाती उडताना मिटलेली असतात व आदळल्यावर उघडतात. त्याची झेप सरावाच्या टोकाच्या बाणासारखीच असते आणि जखम दीड ते दोन इंच रुंद होते, त्यामुळे रक्ताचा माग ठळक मिळतो. पण पाती उघडण्यासाठी ऊर्जा लागते, रुंद जखमेसाठी आणखी लागते, आणि फऱ्यावर किंवा फार तिरप्या कोनात आदळल्यास पाती मोडण्याचा अथवा बाण घसरण्याचा धोका वाढतो. पाती धरून ठेवणारे रबर किंवा प्लॅस्टिकचे कडे जुने झाले, तर भात्यातच पाती सुटतात.

माझा कौल असा: साठ पौंडांच्या आसपास किंवा अधिक ताणाचे कंपाउंड असेल आणि आडव्या किंवा किंचित पाठमोऱ्या हरणावरच बाण सोडण्याची शिस्त असेल, तर चांगले मेकॅनिकल उत्तम काम करते. ताण पन्नास पौंडांखाली असेल, खेच आखूड असेल, किंवा रिकर्व्ह अथवा लाँगबो (चाके नसलेली पारंपरिक धनुष्ये) वापरत असाल, तर दोन पात्यांचे फिक्स्ड घ्यावे आणि दुसरा विचार करू नये. धनुष्य जुळवण्याचा कंटाळा म्हणून मेकॅनिकल घेणे हे मात्र चुकीचे कारण आहे, कारण वाकडा उडणारा बाण वाकडाच शिरतो आणि मागची काडी, म्हणजे बाणाचा दांडा, आडवी झाली की खोलवर जाण्याचे बळ वाया जाते.

ब्रॉडहेड आणि बाण यांचे वजन किती असावे?

ब्रॉडहेड बहुधा १०० किंवा १२५ ग्रेनची मिळतात. ग्रेनचा अंदाज येत नसेल तर सोनाराकडचा जुना तोळा आठवावा. तो १८० ग्रेनचा. म्हणजे १०० ग्रेनचे ब्रॉडहेड अर्ध्या तोळ्याहून किंचित जड, आणि ४५० ग्रेनचा संपूर्ण बाण बरोबर अडीच तोळ्यांचा.

ऊर्जा काढण्यासाठी ग्रेनमधील वजनाला फूट-प्रतिसेकंद वेगाच्या वर्गाने गुणून ४,५०,२४० ने भागतात. ४५० ग्रेनचा बाण २७० च्या वेगाने गेला तर सुमारे ७३ फूट-पौंड येतात. रिकर्व्हमधून १९० च्या वेगाने सुटलेल्या ३८० ग्रेनच्या बाणाचे तीसच भरतात, आणि तेवढ्यावरही योग्य जागी हरीण पडते. मात्र रिकर्व्हवाल्याचे पाते अरुंद आणि वस्तऱ्यासारखे असावे लागते.

डॉ. एड अ‍ॅशबी यांनी मोठ्या प्राण्यांवर बाणाच्या भेदनाचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून जड बाण, पुढे झुकलेले वजन आणि एकाच बाजूने धार काढलेली पाती यांचा आग्रह पुढे आला. त्यांचे निष्कर्ष रेड्यासारख्या जनावरांवर अधिक लागू पडतात. व्हाइटटेलसाठी साडेसहाशे ग्रेनचा बाण बनवणे मला अनावश्यक वाटते. पण ३५० ग्रेनच्या हलक्या, वेगवान बाणाकडून ४५० कडे वळल्यास धनुष्याचा आवाज कमी होतो आणि बाण आरपार जाण्याचे प्रमाण वाढते, हे मी स्वतः पाहिले आहे.

कायद्याने किमान रुंदी किती लागते?

न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या दोन्ही राज्यांत किमान ७/८ इंच. न्यू यॉर्कमध्ये मागे वळलेल्या काट्यांचे ब्रॉडहेड चालत नाही. नियम राज्यागणिक आणि कधी वर्षागणिक बदलतात; परवान्यासोबतची पुस्तिका दर मोसमात वाचावी.

नव्या पाकिटातील पाती पुरेशी धारदार असतात का?

नेहमी नसतात. बोथट विळीवर टोमॅटो चिरताना तो आधी दबतो आणि मग फाटतो. शरीरातील रक्तवाहिनीचेही तसेच होते. बोथट पाते तिला बाजूला ढकलते किंवा चिरडते, आणि चिरडलेल्या कडेला रक्त लवकर गोठते. धारदार पात्याची जखम दाढी करताना झालेल्या कापासारखी वाहत राहते. परीक्षा सोपी आहे. एक रबरबँड दोन बोटांत हलका ताणावा आणि पात्याची धार त्यावर नुसती टेकवून ओढावी. चांगल्या पात्याखाली तो ‘टक्‌’ करून तुटतो. बोथट पात्याखाली तो पात्याबरोबर सरकतो, लांबतो आणि पांढरट पडतो. दोन मोसमांपूर्वी मी नवे कोरे तीनचे पाकीट उघडले आणि त्यातील दोन ब्रॉडहेड या परीक्षेत नापास झाली. दगडावर दहा मिनिटे आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाच मिनिटे घासल्यावर तीच पाती कामाची झाली. भात्यात वर-खाली होऊन आणि दमट हवेत गंजूनही धार जाते, म्हणून मोसमाच्या मध्यात पुन्हा तपासावे.

सराव कशाने करावा?

मोसमाआधी दोन-तीन आठवडे ब्रॉडहेड लावूनच. सरावाच्या टोकाचा आणि ब्रॉडहेडचा बाण वीस-तीस यार्डांवर एकाच जागी पडत नसतील, तर नेमाची पिन हलवू नये. आधी बाणाची काठिण्य-श्रेणी (काडी किती ताठ आहे ते) आणि बाण टेकण्याचा आधार तपासावा. सरावात वापरलेली पाती धार न लावता शिकारीला नेऊ नयेत.

बाण सुटल्यावर किती वेळ थांबावे?

आधी हरीण कसे पळाले ते पाहावे. मागचे पाय झाडून धूम पळाले, तर बहुधा हृदय किंवा फुप्फुस; पाठ कमानीसारखी करून काही पावलांवर रेंगाळले, तर बहुधा कोठा. मग बाण शोधून तो हातात घ्यावा. गुलाबी, बुडबुड्यांचे रक्त फुप्फुसाचे. गडद, तपकिरीकडे झुकणारे लाल रक्त यकृताचे. हिरवट लगदा आणि आंबूस वास कोठ्याचा. फुप्फुसासाठी अर्धा तास, यकृतासाठी चार ते सहा तास आणि कोठ्यासाठी आठ ते बारा तास थांबावे. जखमी हरीण उठवले नाही तर ते जवळच बसते आणि तेथेच संपते.

हे मी वाचून जाणत होतो, तरीही एकदा चुकलो. ऑक्टोबरची संध्याकाळ होती, ओकची फळे वेचत आलेली मादी बावीस यार्डांवर आडवी उभी होती. दोरी सुटताच ती बसली आणि वळली, आणि बाण हवा त्यापेक्षा वीतभर मागे लागला. पिसांवर काळपट लाल रक्त होते. सोबतचा मित्र म्हणाला, ‘सकाळी येऊ.’ मी ऐकले नाही. रात्री पाऊस येईल या धास्तीने दीड तासातच टॉर्च घेऊन निघालो. ऐंशी यार्डांवर झुडपांमागे पाने दबून झालेली बैठक सापडली, अजून कोमट. तिच्यात तळहाताएवढा गडद डाग होता, आणि पुढे अंधारात फांद्या मोडत गेल्याचा आवाज. पाऊस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हातापायांवर रांगत माग काढला; ओढ्यापाशी शेवटचा थेंब होता. अनेक राज्यांत आता दोरीला बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत घेता येते. तेव्हा ते सुचले असते, तर कदाचित ती मिळाली असती.

लागलेला बाण आणि ब्रॉडहेड पुन्हा वापरावे का?

ब्रॉडहेड धुऊन, सपाट काचेवर फिरवून वाकले आहे का ते पाहावे. सरळ असेल तर पाती बदलून किंवा धार लावून चालते. कार्बनची काडी कानाजवळ धरून हलकी वाकवावी. ‘कर्र’ असा आवाज आला, तर ती तेथेच मोडून टाकावी, कारण तडकलेली काडी दोरी सुटताना फुटून हातात घुसते. बाण हरणाच्या अंगात मोडला असेल, तर त्याभोवतालचे मांस कार्बनच्या कुसळांसह सढळ हाताने कापून फेकावे. आणि ब्रॉडहेडची सर्व पाती मोजून हाती आल्याशिवाय पोट साफ करताना छातीच्या पोकळीत हात घालू नये. सुटलेले पाते तेथे बरगडीत उभे रुतलेले असते आणि रक्तात ते दिसत नाही.